पट्टीची पोर

१४ जुलै

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत. या वेळी तो लिहीत नाही. तुम्ही फोन उचलत नाही. माझा आवाज आला की आईच्या हातात देता, आणि आई 'जेवलीस का' याच्या पुढे सरकत नाही, कारण तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलेले असता. म्हणून हे पत्र. हातात आलेलं पाकीट तुम्ही न फोडता ठेवणार नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते.

मावशीकडे नीट पोचले. तिच्या शिवणाच्या खोलीत माझी खाट टाकली आहे. पायाशी मशीन, उशाशी कापडांचे गठ्ठे. तिथून कारखाना चालत वीस मिनिटांवर. मावशी तुमच्याबद्दल काही बोलत नाही, म्हणजे तिला पुष्कळ बोलायचं आहे.

काल रुजू झाले. तुम्ही एकतीस वर्षं ज्या फाटकातून आत-बाहेर केलीत, त्याच फाटकातून. कार्डावर माझा फोटो आहे आणि खाली 'शिकाऊ उमेदवार, फिटर'. तिथे धाकट्या भावाचा फोटो हवा होता असं तुम्हाला वाटतं. निवृत्त कामगाराच्या घरातल्या एकालाच जागा, ही अट कंपनीची आहे, मी केलेली नाही. अर्ज दोघांनी भरले होते. परीक्षेला मी बसले, तो आलाच नाही. याला जागा चोरणं म्हणत नाहीत. निघताना दारात तुम्ही मला काय म्हणालात ते इथे लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेलच.

दुसरी अटही तुम्हाला तोंडपाठ असेल. वर्षअखेरच्या परीक्षेत मी नापास झाले, तर जागा घराकडे परत जाते आणि धाकट्याला पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा वर्षभर देव पाण्यात घालून बसा.

तुमची मुलगी, तुम्हाला आवडो न आवडो


२५ ऑगस्ट

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. आई फोनवर म्हणाली की तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलंत. दोनदा वाचण्याइतकं बरं लिहिलं होतं म्हणायचं.

आमच्या प्रशिक्षण विभागाचे मास्तर तुमच्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना गुण्या म्हणतात, कारण काटकोन तपासायचा तो पोलादी गुण्या सतत त्यांच्या खिशात असतो. कुणी पाव समोर ठेवला तरी त्याला लावून बघतील. त्यांच्याशी गुण्यागोविंदाने मात्र आजवर कुणी राहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेताना माझं आडनाव वाचलं आणि थांबले. मग विचारलं, "पट्टीची पोर का तू?" मला कळलंच नाही. मागून कुणी तरी हसलं. नंतर समजलं की तुम्हाला इथे सगळे पट्टी म्हणायचे. घरी कधी सांगितलं नाहीत. तुमच्या हातात नेहमी फूटभर स्टीलची पट्टी असायची आणि उमेदवारांच्या बोटांच्या पेरांवर ती बसायची, हेही नाही सांगितलंत. धाकट्याला आणि मला घरात जी बसली ती काय, तिथली सवय होती फक्त.

आम्हाला कानस चालवायला शिकवतात. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळायचा आणि कानशीने घासून त्याचा माथा सपाट करायचा. त्या तुकड्याला जॉब म्हणतात, हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा. डावा पाय पुढे, जोर खांद्यातून, पुढे जाताना दाबायचं, मागे येताना कानस नुसती सरकवायची. मनगट हललं की जॉब मधे फुगतो आणि कडांना उतरतो. माझा फुगतो. बाकीच्या बावीस जणांचाही फुगतो. गुण्या मास्तर त्यांना सांगतात, अमुक ठिकाणी दाब कमी कर. माझा जॉब उचलतात, खिडकीसमोर धरतात, गुण्या लावतात आणि एक शब्द न बोलता भंगाराच्या पेटीत टाकतात. मग मी स्टोअरमध्ये जाऊन नवा तुकडा मागते. आजपर्यंत सहा वेळा.

तळहातावर फोड आले होते, आता तिथे कातडं जाड झालंय. आईला सांगू नका. तुम्ही सांगणार नाहीच.


११ ऑक्टोबर

बाबा,

बाकीचे छिन्नी आणि ड्रिलिंगवर गेले. मी अजून त्याच व्हाइसवर, त्याच कानशीवर. बारा आठवडे झाले. अकरा जॉब पेटीत गेले. अकरावा सपाट होता. मी स्वतः सरफेस प्लेटवर, त्या अगदी सपाट पाटावर, निळा रंग लावून तपासला होता, सगळीकडे सारखा उमटला होता. तरी गेला.

मी मास्तरांना विचारलं की यात चूक काय आहे. ते म्हणाले, "तुझ्या बापाला विचार."

मग मी स्टोअरवाल्या काकांना विचारलं. हत्यारं देणारे म्हातारे काका, तुमच्या आधीपासून इथे आहेत. आधी टाळाटाळ केली. म्हणाले, जुनी गोष्ट आहे, उकरून काय करायचंय. मी बाराव्या तुकड्यासाठी खिडकीशी उभी होते. काकांनी माझे हात बघितले आणि बोलू लागले.

गुण्या मास्तर एकोणीस वर्षांचे होते, तुमच्या हाताखाली. हातोड्याला बिचकायचे. तुम्ही त्यांना छिन्नी धरायला लावलीत आणि हातोडा स्वतः घेतलात. सांगितलंत, छिन्नीकडे बघायचं नाही, माझ्या डोळ्यांत बघ, भीती जाईल. तिसऱ्या घावाला त्यांचा डावा अंगठा चेचला. अपघाताच्या वहीत तुम्ही लिहिलंत, 'उमेदवाराच्या निष्काळजीपणामुळे'. खाली तुमची सही. त्यांना भरपाईची रजा मिळाली नाही, परीक्षा हुकली, वर्ष गेलं. अंगठा अजूनही वाकडा आहे. माप घ्यायचं व्हर्नियर धरताना ते तर्जनी आणि मधलं बोट वापरतात. मला वाटायचं ती त्यांची लकब आहे.

बाबा, ही गोष्ट मला माहीत होती. तुम्ही जेवताना सांगायचात. 'एक घाबरट पोरगं होतं, छिन्नी सोडून अंगठाच पुढे केला पठ्ठ्याने.' आम्ही हसायचो. मी सगळ्यात मोठ्याने हसायचे, कारण तुम्ही हसताना खूश असायचात आणि ते घरात फार वेळा होत नसे.

मला तुमच्याकडून एवढंच हवंय की त्यांना दोन ओळी लिहा. वही खोटी होती, असं. माझ्यासाठी नका लिहू. मी बारावा जॉबही घासेन.


१९ जानेवारी

बाबा,

तीन महिने झाले. तुम्ही ना मला लिहिलंत, ना गुण्या मास्तरांना.

मी पुढे सरकले आहे, तुमच्या कृपेने नाही. वरच्या इंजिनिअरने पाहणी केली आणि एक उमेदवार अजून पहिल्याच कामावर का, असं विचारलं. मास्तरांना मला सोडावं लागलं. आता मी मागे पडलेलं भरून काढते आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी अर्धा तास येते. ड्रिल, टॅपने आटे पाडणं, करवत, बेअरिंग बसवणं. गेल्या आठवड्यात पंप आणि मोटरचे दांडे एका रेषेत आणायला शिकलो. खाली कागदाइतक्या पातळ पत्र्या सरकवायच्या, डायलचा काटा बघायचा, पुन्हा उचलायचं, पुन्हा सरकवायचं. दुपारपर्यंत काटा हलायचा थांबला. माझी पाठ धरली होती आणि मला इतका आनंद झाला होता की तो सांगायला कुणी नव्हतं. एके काळी तुम्हाला सांगितलं असतं.

मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्याला शिकवतात आणि मी शेजारी उभी राहून ऐकते. त्यांना हे ठाऊक असतं. कधी कधी मुद्दाम पाठ फिरवून शिकवतात. काही पोरं मला पट्टी म्हणायला लागली आहेत. एकाने माझ्या डब्याच्या झाकणावर खडूने लिहिलं. मी पुसलं नाही. नाव तुमचं आहे, लाज तुम्हाला वाटायला हवी.

धाकटा कसा आहे? आई म्हणते, तो घरात बोलत नाही, दुकानात सामान उतरवायला जातो आणि येऊन झोपतो. तुम्ही त्याला अजून खोटारडा म्हणता का?


९ मार्च

बाबा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं आहे. तिसऱ्यांदा लिहिते.

तुम्हाला वाटत असेल, ही कोण मला कबुली मागणारी. तर आधी मी माझी देते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आईच्या फोनवर कंपनीच्या ऑफिसातून फोन आला होता. दोघांच्याही अर्जावर आईचा नंबर होता. आई गच्चीवर कपडे काढत होती, मी उचलला. कारकून म्हणाला, परीक्षेची वेळ अकराची नऊ झाली आहे, भावालाही सांगा. मी हो म्हणाले. त्याला सांगितलं नाही, घरात कुणालाच नाही, परीक्षेनंतरही. सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून आठला बाहेर पडले. धाकटा छापील वेळेप्रमाणे अकराला गेला. दार बंद होतं, पहारेकऱ्याने परत पाठवला.

घरी येऊन त्याने हेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, तू गेलाच नाहीस, कुठे तरी बसून वेळ काढलास आणि वर खोटं बोलतोस. तो म्हणत राहिला की गेलो होतो. तुम्ही पट्टी काढलीत. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. एक वाक्य बोलले असते तर थांबलं असतं. नाही बोलले.

का, ते ऐकायचं असेल तर ऐका. लहानपणी तुमची हत्यारं पुसायला मी बसायचे. तो पळून जायचा. मापं मला कळायची. आणि तुम्ही जागा ठेवली होती त्याच्यासाठी, मला एकदाही न विचारता. मला ती इतकी हवी होती की भाऊ दिसेनासा झाला. यात तुमचा वाटा आहे, पण फोन मी उचलला होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तो आलाच नाही. ते खोटं होतं.

आता तुमची पाळी. माझं हे पत्र धाकट्याला दाखवा. तो खोटं बोलला नव्हता, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे. आणि गुण्या मास्तरांना त्या वहीबद्दल लिहा. दोन्ही केलंत तर जूनमध्ये घरी येईन, धाकट्याच्या पाया पडेन, आणि तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन.


१२ जून

बाबा,

तर तुम्ही पत्र लिहिलंत.

काल आमची परीक्षा झाली. आठ तासांत दोन तुकडे करायचे, एक चौकोनी आणि एक खाच असलेला. चौकोन खाचेत चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे आणि उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. पाच शतांश मिलीमीटरची सूट, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. तपासणारे गुण्या मास्तर.

मी जॉब दिला तेव्हा विभागात आम्ही दोघंच उरलो होतो. त्यांनी माझा जॉब बाजूला ठेवला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तुमचं अक्षर मी लांबूनही ओळखते. सगळं वाचलं. 'तू मला ओळखतोसच,' अशी सुरुवात. मग, माझ्या मुलीने सख्ख्या भावाला फसवून ही जागा लाटली आहे, तसं तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे, अशा उमेदवाराला उत्तीर्ण करू नये, जागा घरातल्या योग्य माणसाला मिळावी. शेवटी, 'जुन्या माणसाचा शब्द राखशील, ही अपेक्षा.' अंगठ्याचा उल्लेख कुठे नव्हता. मी कागद उलटूनही पाहिला.

मी म्हणाले, यातलं माझ्याबद्दलचं सगळं खरं आहे.

मास्तर म्हणाले, हे पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. पाकिटावर तुमचं नाव बघितलं आणि त्यांनी ते लगेच फोडलं नाही. हातातलं काम संपवलं, हात धुतले, मग बाकावर बसून फोडलं. "मला वाटलं, अंगठ्याचं असेल," ते म्हणाले. "वीस वर्षं झाली. तरी वाटलं."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

मग त्यांनी सांगितलं की मला नापास करायचं, हे त्यांनी पहिल्या दिवशी हजेरी घेतानाच ठरवलं होतं. वर्षभर त्याच हिशेबाने चालले. आता तुमचं पत्र आलं आणि पंचाईत झाली. मला नापास केलं तर तुमचं ऐकल्यासारखं होणार. "त्याचं एकदा ऐकलं आहे मी," ते म्हणाले. "पुन्हा नाही."

मी म्हणाले, मग तुम्ही मला त्यांच्यावरच्या रागापोटी पास करणार का? तसलं मला नको.

त्यावर त्यांनी वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. जॉब उचलला, खिडकीशी गेले. चारही बाजू फिरवून घातल्या, गुण्या लावला, व्हर्नियर लावलं. दोन बोटांत धरून, सावकाश. एका कोपऱ्यात सात शतांश निघाले. त्याचे गुण कापले. बाकी सगळं मापात होतं. शंभरातले अडुसष्ट. साठला पास.

त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि वही माझ्याकडे वळवली. म्हणाले, "ही वही खरी आहे. जागा कशी मिळवलीस ते तुझ्या भावाला सांग. मी फिटर आहे, मी मापं घेतो."

तुमचं पत्र त्यांनी मला दिलं नाही. परत खिशात ठेवलं.


१८ जून

बाबा,

काल पाळी सुटली तेव्हा धाकटा फाटकाबाहेर उभा होता. वर्षाने पाहिला. खांदे रुंद झालेत, दाढी वाढली आहे. मला वाटलं, मारायला आलाय. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

समोरच्या टपरीच्या बाकावर बसलो. चहा त्याने सांगितला. मग शर्टाच्या खिशातून माझं मार्चचं पत्र काढलं. तुमच्या कपाटात मोजे शोधताना सापडलं म्हणाला. चार दिवसांपूर्वी.

तीन महिने, बाबा. तीन महिने तुम्हाला ठाऊक होतं की तो दारापर्यंत गेला होता. तुम्ही त्याला काही सांगितलं नाहीत. मास्तरांना लिहायला तुमच्याकडे कागद होता, पोस्टात जायला पाय होते, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या पोराला 'तू खरं बोलत होतास' एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही. उलट गेल्या महिन्यातही जेवताना तुम्ही त्याला तेच म्हणालात, असं तो सांगत होता. दुकानातून उशिरा आला, कारण सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, तुझ्या कारणांवर कोण विश्वास ठेवतो.

मी त्याला म्हणाले, जागेचं मी काय करू सांग. आता परत देता येत नाही, पण राजीनामा देते.

तो म्हणाला, "जागा घाल चुलीत. मी तिथे आठ दिवस टिकलो नसतो." मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाला की वर्षभर त्याला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. कधी वाटायचं, खरंच अकराला गेलो होतो का, की दुसऱ्याच दारावर उभा राहिलो, की बाबा म्हणतात तसंच आहे आणि मला आता आपलं खोटंही खरं वाटायला लागलंय. एकदा तो मुद्दाम त्या पहारेकऱ्याला शोधत गेला होता, विचारायला. तो माणूस नोकरी सोडून गेला होता.

"तू तिथे उभी होतीस," तो मला म्हणाला. "ग्लास घेऊन. मी तुझ्याकडे बघत होतो."

मला रडू आलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला नकोच होता. नंतर विचारलं की मी काय करू. त्याने फार मागितलं नाही. म्हणाला, घरी ये आणि हे सगळं बाबांसमोर, आईसमोर, माझ्यासमोर तोंडाने बोल. कागदावर नको, कागद कपाटात जातो.

मी रविवारी येते आहे. राहायला येत नाही, मुक्कामाची पिशवी आणणार नाही. दहाच्या सुमाराला पोचेन. आईला खुर्चीत बसवा, तिला उभ्याने ऐकवणार नाही. तुम्ही घरात थांबा. काही तरी काम काढून बाहेर गेलात, तर मी दारात बसून राहीन, शेजारपाजारच्यांनी विचारलं तर कशासाठी बसले आहे तेही सांगेन.

फोन मी उचलला होता, हे मी धाकट्याच्या डोळ्यांत बघून बोलेन. तो जे म्हणेल ते ऐकेन. माझं बोलून संपलं की मी गप्प बसेन, आणि आम्ही तिघं तुमच्याकडे बघत असू.